टोरंटोतले जमैकन वादक आणि रेगेचा मागे राहिलेला इतिहास

रानजाई

रेगे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो. बॉब मार्ली थोर होता, त्याबद्दल वादच नाही. पण या संगीताचा पाया ज्यांनी घातला त्यांतले कितीतरी जण 1960 आणि 70 च्या दशकांत जमैका सोडून गेले आणि त्यांतली एक मोठी फळी माझ्या शहरात, टोरंटोत, येऊन राहिली. ज्यांच्या चालींवर पुढे जग नाचलं, ती माणसं इथल्या हॉटेलांत जेवायला आलेल्या लोकांसमोर दुसऱ्यांची गाणी वाजवत होती. मला हे फार लागतं, म्हणून हा धागा काढते आहे.

सुरुवात जॅकी मिट्टूपासून करते. जन्म 1948, सेंट ॲन परगण्यातलं ब्राऊन्स टाऊन. 1964 मध्ये स्काटलाइट्स हा वाद्यवृंद उभा राहिला तेव्हा त्यात कीबोर्डवर हा सोळा वर्षांचा मुलगा होता. पुढे किंग्स्टनच्या स्टुडिओ वनचा तो संगीत संयोजक झाला. तिथे जे ताल आणि बासच्या ओळी तयार झाल्या, त्यांवर आजही नवी गाणी बांधली जातात. जमैकात अशा पायाभूत तुकड्याला 'रिडिम' म्हणतात आणि एकाच रिडिमवर शंभर गायक आपापली गाणी गाऊ शकतात. एवढं सगळं हातून घडल्यावर 1960 च्या दशकाच्या अखेरीस, वयाच्या विशीतच, मिट्टू टोरंटोत आला. इथे लाउंजमध्ये ऑर्गन वाजवला, स्वतःचं छोटं लेबल (म्हणजे रेकॉर्ड कंपनी) काढलं. 'कॅनेडियन टॅलेंट लायब्ररी' या रेडिओसाठी संगीत तयार करणाऱ्या संस्थेकडून 1971 मध्ये 'विशबोन' नावाचा अल्बम केला. व्हायोलिनांचा ताफा आणि मऊसूत चाली असलेला हा अल्बम सुंदरच आहे. पण त्यात जमैका शोधावा लागतो. डिसेंबर 1990 मध्ये टोरंटोतच कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याचं वय होतं 42.

तो एकटा नव्हता. 'हेप्टोन्स'चा गायक आणि स्टुडिओ वनमधल्या असंख्य बासओळींचा कर्ता लेरॉय सिबल्स 1973 मध्ये आला आणि जवळपास वीस वर्षं राहिला. गायक जॉनी ऑस्बॉर्न 1969 मध्ये आपला पहिला अल्बम हातावेगळा करून लगेच इकडे आला. कुटुंब इकडेच होतं. ट्रम्पेटवादक जोजो बेनेट बायरन ली यांच्या बँडबरोबर माँट्रियलच्या एक्स्पो 67 या जागतिक प्रदर्शनासाठी आला आणि कॅनडातच राहून गेला. गायक विली विल्यम्स आला, स्ट्रेंजर कोल आला. ही यादी किंग्स्टनच्या कुठल्याही स्टुडिओने मिरवावी अशी आहे.

हे सगळे कॅनडातच का आले? एक कारण ब्रिटनमध्ये आहे. 1962 च्या कायद्याने ब्रिटनने कॅरिबियन लोकांसाठी दार बरंचसं लोटून घेतलं. त्याच वर्षी कॅनडाने स्थलांतराच्या नियमांतून वंशाची अट काढली आणि 1967 मध्ये गुणांवर आधारित पद्धत आणली. पण त्याच्याही आधी वाट पाडली ती बायकांनी, आणि संगीताच्या इतिहासात त्यांचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. 1955 मध्ये कॅनडाने जमैका आणि बार्बाडोसमधून घरकामासाठी बायका आणण्याची योजना सुरू केली. वय 18 ते 35, अविवाहित, मूलबाळ नाही अशा अटी होत्या. वर्षभर परक्या घरात काम केलं की पुढे हवं ते करायला मोकळीक. 1967 पर्यंत तीनेक हजार बायका अशा आल्या. त्यांत शिक्षिका होत्या, कारकून होत्या. इथे मात्र फरशी पुसण्यापासून सगळं केलं. काही जणींना मुलं होती. ती आजीकडे ठेवून, कागदावर 'नाही' लिहून त्या आल्या होत्या. बस्तान बसल्यावर त्यांनी मुलांना, भावंडांना बोलावून घेतलं. टोरंटोच्या पहिल्या जमैकन बँडांमधली बरीच पोरं ही अशी आईच्या मागोमाग आलेली होती. 1977 मध्ये यातलंच 'मुलं लपवली' हे कारण पुढे करून सात जमैकन आयांना देशाबाहेर काढायचे आदेश निघाले. मोठं आंदोलन झालं आणि 1979 मध्ये त्यांना इथे राहता आलं. मिट्टू आणि सिबल्स यांना इथे ऐकणारे कान मिळाले ते या बायकांनी वस्ती उभी केली म्हणून. माझ्या मते टोरंटोतल्या रेगेचा इतिहास घरकामाच्या या योजनेपासूनच सांगायला हवा.

वाजवायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. कॉलेज स्ट्रीटवर वेस्ट इंडियन फेडरेशन क्लब होता, तिथे आपली माणसं नाचायला यायची. बाहेरच्या क्लबांत मात्र मालकाला अमेरिकन सोल आणि चालू हिट गाणी हवी असत. त्यामुळे या लोकांनी सोल वाजवलं, फंक वाजवलं, आणि अप्रतिम वाजवलं. माँटेगो बेचा वेन मॅगी 1970 मध्ये 'वेन मॅगी अँड द साउंड्स ऑफ जॉय' हा अल्बम काढतो. कंपनीच्या गोदामाला आग लागून त्याचा साठा जळाला असं सांगतात. जाहिरात तर नव्हतीच. अल्बम गायब झाला. पुढे वेनला मानसिक आजाराने गाठलं आणि तो संगीतातूनच बाहेर पडला. मधल्या काळात अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्यांना त्यातला एक ड्रमचा तुकडा सापडला आणि जुनी प्रत शेकडो डॉलरला विकली जाऊ लागली. वेनला याचा पत्ता नव्हता. सिॲटलच्या 'लाइट इन द ॲटिक' या लेबलने त्याला शोधलं तेव्हा तो टोरंटोतच बहिणीकडे राहत होता. 2004 मध्ये अल्बम पुन्हा निघाला. त्याच लेबलने 2006 मध्ये 'जमैका टू टोरंटो' हा संग्रह काढला आणि ही जुनी मंडळी पुन्हा एकदा रंगमंचावर एकत्र उभी राहिली. वेन 2017 मध्ये गेला.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. कोणी या संगीतातलं जाणकार असेल तर भर घाला.

तिरपागडा

मिट्टू हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. घरकामाच्या योजनेचा भाग वाचून थांबलो थोडा वेळ. एक प्राथमिक प्रश्न विचारतो. स्का, रॉकस्टेडी, रेगे यांत नेमका फरक काय? मला सगळं सारखंच वाटतं.

पंचम_निषाद

@तिरपागडा, कानाने ओळखायची सोपी पद्धत सांगतो. चार मात्रा मोजा. गिटारचा तुटक 'चक्' दोन आणि चारवर येतो, हे तिन्हींत सारखं. फरक वेगात आणि बासमध्ये.

स्का पळतं. बास प्रत्येक मात्रेवर चालत राहते आणि वर ब्रासची वाद्यं धमाल करतात. 1966 च्या आसपास वेग एकदम उतरतो, तो रॉकस्टेडी. वेग उतरल्यामुळे बासला श्वास घ्यायला जागा मिळते. ती प्रत्येक मात्रा भरत बसत नाही. एक छोटं वाक्य म्हणते, थांबते, पुन्हा म्हणते. 1968 च्या सुमारास त्यात ऑर्गन सरसरत येतो. डावा आणि उजवा हात आळीपाळीने, गिटारच्या मधल्या फटी भरत जातो. हे रेगे. पुढे 'वन ड्रॉप' नावाचा ठेका रुळला, त्यात ड्रमवाला पहिल्या मात्रेवर काहीही वाजवत नाही आणि सगळं वजन तिसरीवर टाकतो. आपल्याकडे समेवर सगळे एकत्र येतात, इथे समेची जागाच मोकळी सोडलेली असते. पहिल्यांदा ऐकताना पाय चुकतो तो यामुळे.

रानजाई, तुमच्या यादीत एक नाव हवंच, लिन टेट. मूळचा त्रिनिदादचा गिटारवादक, जमैकात स्थिरावला होता. 1966 मध्ये हॉप्टन लुईसच्या 'टेक इट ईझी'च्या ध्वनिमुद्रणात वेग कमी झाला, त्यात गिटार याची. तळव्याने तारा दाबून तो बासचीच ओळ गिटारवर वाजवायचा. त्यामुळे बास एकाच वेळी जाड आणि टोकदार ऐकू येते. रॉकस्टेडीची अर्धी ओळख या एका क्लृप्तीत आहे. हा माणूस 1968 मध्ये, म्हणजे ऐन भरात असताना, कॅनडात आला. आधी टोरंटो, मग माँट्रियल. तिथेच 2010 मध्ये गेला. जमैकात त्याची कारकीर्द जेमतेम सहा वर्षांची, आणि उरलेली चाळीसहून जास्त वर्षं कॅनडात. या चाळीस वर्षांबद्दल लिहिलेलं फारच थोडं सापडतं.

रानजाई

लिन टेटबद्दल अगदी बरोबर, पंचमदा. आणि ठेक्याचं इतकं नेमकं सांगितल्याबद्दल मनापासून आभार.

बासचा विषय निघालाच आहे तर 'फुल अप' हा रिडिम सांगते. 1968 च्या आसपास स्टुडिओ वनमध्ये झाला. ऑर्गन मिट्टूचा, बासओळ सिबल्सची मानली जाते. 1981 मध्ये जमैकाच्या 'मायटी डायमंड्स'नी त्यावर एक गाणं केलं. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या शाळकरी पोरांच्या 'म्युझिकल यूथ'ने शब्द थोडे बदलून 'पास द डची' केलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या बँडमधल्या दोघा भावांचे वडील फ्रेडरिक वेट हे स्वतः जमैकातल्या 'टेक्निक्स'चे जुने गायक, स्थलांतर करून बर्मिंगहॅमला गेलेले. म्हणजे चाल टोरंटोला आलेल्यांची, वळण लावणारे बर्मिंगहॅमला गेलेले, आणि गाणारी त्यांची मुलं. जमैकाबाहेरच्या जमैकाने केलेलं गाणं आहे ते.

मीठभाकर

उत्तम धागा. लंडनची बाजू थोडी मांडते, मी बरीच वर्षं किलबर्नजवळ राहिले आहे.

किलबर्नला 108, केंब्रिज रोड या इमारतीच्या तळघरात सनी रॉबर्ट्स या जमैकातून आलेल्या सुताराने 1962 मध्ये 'प्लॅनेटोन' नावाचा स्टुडिओ थाटला. ब्रिटनमधला कृष्णवर्णीय माणसाच्या मालकीचा हा पहिला ध्वनिमुद्रण स्टुडिओ मानतात. ती इमारत होती ली गोपथल यांची. गोपथल जमैकात जन्मलेले, पण भारतीय वंशाचे. 1845 पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून जमैकात मजूर नेले, त्या समाजातले. हे पेशाने हिशेबनीस. आपल्या इमारतीत चाललेला रेकॉर्डांचा व्यवहार बघून ते स्वतः त्यात उतरले आणि 1968 मध्ये 'ट्रोजन रेकॉर्ड्स' उभं राहिलं. ब्रिटनमधल्या गोऱ्या कामगारांच्या मुलांपर्यंत रेगे पोचवण्यात या लेबलचा वाटा फार मोठा आहे. रेगेच्या इतिहासातला हा आपल्या रक्ताचा माणूस आपल्याकडे जवळपास कोणालाच माहीत नाही.

प्लॅनेटोनमध्ये वाजवणाऱ्यांत रीको रॉड्रिग्ज होता, ट्रॉम्बोनवाला. किंग्स्टनच्या अल्फा बॉईज स्कूलचा विद्यार्थी. नन्स चालवत असलेली ही शाळा गरीब, अनाथ मुलांना वाद्यं शिकवायची. स्काटलाइट्समधले निम्मे मोठे वादक तिथूनच आले. रीको 1961 मध्ये लंडनला आला आणि वर्षानुवर्षं पडेल ते काम करत वाजवत राहिला. 1967 मध्ये डँडी लिव्हिंगस्टनच्या 'रूडी, अ मेसेज टू यू'मध्ये ट्रॉम्बोन त्याचा. बारा वर्षांनी 'स्पेशल्स' बँडने तेच गाणं पुन्हा केलं, तेव्हाही ट्रॉम्बोन वाजवायला रीकोच. या वेळी मात्र नवी पिढी त्याला आदराने शोधत आली होती.

आणि अल्फाचाच जो हॅरियट. तो रेगेवाला नव्हे, जॅझवाला, सॅक्सोफोन. 1951 मध्ये इंग्लंडला आला. कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांच्याबरोबर त्याने 1966 च्या सुमारास सतार, तंबोरा, तबला आणि जॅझ एकत्र आणून अल्बम केले. जमैकन सॅक्सोफोनवर रागाचे स्वर ऐकायचे असतील तर जरूर शोधा. 1973 मध्ये हलाखीत गेला.

डोंगरवाट

माहिती छान आहे, पण मला एक शंका आहे, रागावू नका. 'दुर्लक्षित' हा शब्द जरा सैल वापरला जातोय का? कॅनडाची बाजारपेठच छोटी. तिथल्या गोऱ्या गायकांनाही नाव कमवायला अमेरिकेत जावं लागलं. शिवाय कुठलाही स्थलांतरित पहिली काही वर्षं मिळेल ते काम करतोच. यात अन्याय नेमका कुठे?

रानजाई

@डोंगरवाट, रागावण्यासारखं काही नाही, प्रश्न रास्त आहे. बाजारपेठ छोटी होती हे खरं. पण छोट्या बाजारपेठेला आधार द्यायला सरकारनेच नियम केले होते. 1971 पासून रेडिओवर 30 टक्के संगीत कॅनेडियन हवं असा दंडक आला. त्या नियमाने देशातल्या रॉक आणि लोकसंगीताच्या गायकांचं आयुष्य बदललं. मिट्टू, सिबल्स, ऑस्बॉर्न हे इथेच राहत होते, इथेच ध्वनिमुद्रण करत होते, म्हणजे या नियमात बसणारे होते. तरी रेडिओने त्यांना घेतलं नाही, कारण स्टेशनवाल्यांच्या लेखी ते संगीत 'आपलं' नव्हतं. मिट्टूला रेडिओवर जागा मिळाली ती व्हायोलिनांच्या मऊ संगीतात.

मग कृष्णवर्णीय समाजाने स्वतःचं स्टेशन काढायचं ठरवलं. जमैकातून आलेले उद्योजक डेनम जॉली यांच्या गटाने टोरंटोत परवाना मागितला. 1990 मध्ये नकार मिळाला आणि ती जागा कंट्री संगीताच्या स्टेशनला दिली. 1997 मध्ये पुन्हा नकार, या वेळी फ्रीक्वेन्सी सीबीसी या सरकारी प्रसारण संस्थेला. 2000 मध्ये एकदाचा परवाना मिळाला आणि 2001 मध्ये 'फ्लो 93.5' सुरू झालं. तोवर मिट्टूला जाऊन दहा वर्षं झाली होती. कॅनडाच्या जूनो संगीत पुरस्कारांत रेगे-कॅलिप्सोचा विभाग आला तोही 1985 मध्ये.

आणि सगळ्यात बोलकं उदाहरण स्नोचं. 1993 चं 'इन्फॉर्मर' आठवतं ना? आपल्याकडेही तेव्हा केबलवर सतत लागायचं. अमेरिकेच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. स्नो हा नॉर्थ यॉर्कमधल्या सरकारी वसाहतीत वाढलेला आयरिश वंशाचा मुलगा. जमैकन शेजाऱ्यांच्या संगतीत ती बोली आणि ती गायकी शिकला. त्याच्या हुन्नराला मी नावं ठेवणार नाही, शेजाऱ्यांकडून प्रेमानेच शिकला तो. पण टोरंटोतलं रेगे जगभर गेलं ते त्याच्या चेहऱ्याने. ज्यांच्याकडून ते आलं त्यांना तो दरवाजा पंचवीस वर्षं उघडला नव्हता. मला 'दुर्लक्षित' म्हणावंसं वाटतं ते यासाठी.

डोंगरवाट

30 टक्क्यांच्या नियमाचं माहीत नव्हतं. हा मुद्दा पटला.

जास्वंद

मी ब्रॅम्प्टनला असते, माल्टन अगदी शेजारी. 'समर रेकॉर्ड्स' हे रेगेचं लेबल माल्टनमधलंच ना? विमानतळाला लागून असलेल्या त्या वस्तीत आज मुख्यतः पंजाबी मंडळी. गुरुद्वारा आहे, मिठाईची दुकानं आहेत. तिथे कधीकाळी रेगेचा स्टुडिओ होता यावर आमच्या ऑफिसातल्या कोणाचा विश्वास बसत नाही.

पंचम_निषाद

हो, माल्टनच. जेरी ब्राउन यांनी 1974 मध्ये हे लेबल सुरू केलं. स्टुडिओ म्हणजे घराचं तळघर. जॉनी ऑस्बॉर्नने तिथे गाणी केली, विली विल्यम्सने केली, आणि रॉकस्टेडीचा गायक ऑल्टन एलिस याचा मुलगा नोएल एलिस याने अल्बम केला. त्या ध्वनिमुद्रणांचा आवाज किंग्स्टनसारखा नाही. थोडा कोरडा, थोडा गार, मधे खूप मोकळी जागा. छत खाली, खोली लहान, यंत्रं मोजकी, त्यामुळे असेल. मला स्वतःला ही गाणी स्टुडिओ वनइतकीच आवडतात आणि हे मी विचार करून लिहितोय.

विली विल्यम्सचंही ऐका. तो टोरंटोत राहत असतानाच 1979 मध्ये त्याचं 'आर्मागिडियन टाइम' आलं, मिट्टूच्या काळातल्या 'रिअल रॉक' या जुन्या रिडिमवर. त्याच वर्षी लंडनच्या 'क्लॅश' बँडने ते गाऊन आपल्या 'लंडन कॉलिंग'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं. जॉनी ऑस्बॉर्न मात्र कॅनडाला कंटाळून 1979 मध्ये जमैकाला परत गेला आणि तिथे लगेच मोठा तारा झाला. दहा वर्षं टोरंटोच्या हातात होता तो.

शिवोलीकर

आमच्या गोव्यात 2016 पासून सनस्प्लॅश नावाचा रेगेचा मोठा उत्सव होतो, जमैका आणि इंग्लंडचे जुने कलाकार येऊन गेले आहेत. त्यामुळे मार्लीच्या पलीकडचं थोडं कानावर पडतं. पण कॅनडाचा विषय तिथेही कधी निघालेला आठवत नाही. त्या टोरंटोच्या वस्तीचं आज काय आहे?

रानजाई

एग्लिंटन वेस्टचा पट्टा, त्याला लिटल जमैका म्हणतात. ऐन भरात रेकॉर्डांची दुकानं, केशकर्तनालयं, पॅटीची (सारण भरलेल्या जमैकन करंजीसारख्या खाण्याची) दुकानं एकाला एक लागून होती. नवी रेकॉर्ड आली की दुकानाच्या दारातला स्पीकर रस्त्याकडे तोंड करून लावायचे, आणि तीच जाहिरात. 2011 मध्ये रस्त्याखालून रेल्वेचं काम सुरू झालं. 2020 मध्ये संपायचं होतं, ते पुढे पुढे ढकललं गेलं. दुकानांसमोर वर्षानुवर्षं पत्रे आणि कुंपणं, गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही. बरीच दुकानं बंद झाली. रँडीज नावाचं पॅटीचं प्रसिद्ध दुकान 2022 मध्ये बंद झालं, शेवटच्या दिवसांत लोक थंडीत रांगा लावून उभे होते. शहराने 2015 मध्ये एका गल्लीला 'रेगे लेन' नाव दिलं, भिंतीवर या सगळ्या कलाकारांचं भलंमोठं चित्र आहे. चित्र उत्तम आहे. पण ज्यांचे चेहरे भिंतीवर आहेत त्यांच्या रेकॉर्डी विकणारी दुकानं त्याच रस्त्यावरून उठली, आणि भाडं भरायला मदत हवी होती तेव्हा ती वेळेवर मिळाली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

तिरपागडा

ऐकायला सुरुवात कुठून करू? एकदम सगळं नको, क्रम सांगा.

पंचम_निषाद

आधी 'टेक इट ईझी', लिन टेटच्या गिटारसाठी. मग 'फुल अप', नुसतं वाद्यसंगीत, आणि लगेच 'पास द डची'. एकच ओळ दोन्हींत ओळखता आली की रिडिम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. त्यानंतर 'जमैका टू टोरंटो' संग्रह, मग 'समर रेकॉर्ड्स'चा. 'विशबोन' शेवटी, कारण मिट्टूने काय मागे ठेवून ते वाजवलं हे तोवर कानात बसलेलं असेल. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, तिथे बास ऐकूच येत नाही.

रानजाई

क्रम मान्य, फक्त नोएल एलिसला वर आणा. @जास्वंद, समरच्या संग्रहाची रेकॉर्ड माझ्याकडे आहे. ब्रॅम्प्टनला येणं होतंच, तुम्हाला हवी असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.